कानावरची न भरणारी जखम

कांद्यावरचा करपा तुम्ही पहिल्या ठिपक्यालाच ओळखता. घरातल्या म्हाताऱ्याच्या कानावरची खपली मात्र महिनोन्महिने तशीच राहते. कातडीचा कर्करोग आपल्याकडे कमी, पण होतो. गाठ २ सेंटिमीटरपेक्षा मोठी, ६ मिलिमीटरहून खोल, कानावर किंवा ओठावर, काढूनही पुन्हा आलेली असेल, चेहरा बधिर वाटत असेल वा मानेतही गाठी आल्या असतील, तर धोका वाढतो. लहान असतानाच मुळासकट काढली, तर बहुतेक रोगी बरे होतात. म्हणून महिनाभरात न भरणारी जखम झाडपाल्याने झाकू नका, डॉक्टरांना दाखवा. तुकडा तपासल्याने रोग पसरतो, ही समजूत खोटी आहे. आणि उन्हात पटका वा पदर कानावरून घ्या.