भाकिताचे ओझे

८ जुलै १९९० रोजी पश्चिम जर्मनीने रोममध्ये विश्वचषक जिंकला, तेव्हा दोन्ही जर्मनींचे एकीकरण तीन महिन्यांवर येऊन ठेपले होते. विजयाच्या त्या धुंदीत प्रशिक्षक फ्रान्झ बेकेनबाउअर यांनी एक भाकीत करून टाकले : पूर्वेचे खेळाडूही आता येऊन मिळणार असल्याने जर्मन संघ कित्येक वर्षे अजिंक्य राहील. भाकीत करणारा पदावरून मानाने दूर झाला. ते खरे करून दाखविण्याची जबाबदारी मात्र त्यांचे सहायक बर्टी फोग्ट्स यांच्या शिरावर आली.

दोघेही १९७४ च्या जगज्जेत्या संघातील बचावपटू. परंतु प्रकृती अगदी भिन्न. बेकेनबाउअर यांच्या खेळात राजस डौल होता, तर फोग्ट्स यांच्या खेळात कष्टकऱ्याची चिकाटी. लहानपणीच मातापित्यांचे छत्र हरपलेला आणि कारखान्यातील हत्यारे घडविण्याचे काम शिकलेला हा खेळाडू १९६५ ते १९७९ अशी चौदा वर्षे म्योन्शनग्लाडबाखच्या एकाच क्लबाकडून खेळला आणि पाच राष्ट्रीय अजिंक्यपदांचा मानकरी ठरला. १९७४ च्या अंतिम सामन्यात हॉलंडच्या योहान क्रॉयफला रोखण्याचे काम त्यांच्याकडे होते. पहिल्याच मिनिटाला क्रॉयफ त्यांना चकवून गेला आणि हॉलंडला पेनल्टी मिळाली. पण पुढे फोग्ट्स यांनी त्याला सहसा मोकळे सोडले नाही.

प्रशिक्षक म्हणून त्यांची कामगिरी सामान्य होती काय? १९९२ च्या युरोपीय स्पर्धेत उपविजेतेपद आणि १९९६ मध्ये वेम्बलीवर चेक प्रजासत्ताकाचा २-१ असा पराभव करून विजेतेपद, ही काही थोडी मिळकत नव्हे. परंतु १९९४ च्या विश्वचषकात बल्गेरियाकडून आणि १९९८ मध्ये क्रोएशियाकडून उपांत्यपूर्व फेरीतच हार पत्करावी लागली, आणि त्याच वर्षी फोग्ट्स यांनी पद सोडले. ज्याच्याकडून अजिंक्यतेची अपेक्षा केली जाते, त्याची प्रत्येक हार हा अपराधच ठरतो.

मुळात भाकीतच भाबडे होते. दोन राष्ट्रांचे नकाशे जोडता येतात. दोन क्रीडापरंपरा तशा जोडता येत नाहीत. १९९१ मध्ये एकत्रित साखळीच्या पहिल्या श्रेणीत पूर्वेच्या केवळ दोनच क्लबांना, रोस्टॉक आणि ड्रेस्डेन यांना, स्थान मिळाले. पूर्वेचे उत्तम खेळाडू पश्चिमेच्या श्रीमंत क्लबांनी उचलले आणि त्यांना घडविणारी जुनी व्यवस्था मात्र विसकटू दिली. ड्रेस्डेनमध्ये जन्मलेला मथियास झामर १९९६ च्या स्पर्धेत सर्वोत्कृष्ट ठरला, ही एकीकरणाची खरी कमाई. पण हे तयार झालेले पीक होते, नवी पेरणी नव्हती. १९९८ च्या संघात सदतिसाव्या वर्षी लोथार मथेउस यांना परत बोलवावे लागले, याचा अर्थ कोठार रिकामे होत चालले होते असाच घ्यावा लागेल.

फोग्ट्स यांना सर्वस्वी निर्दोष ठरविण्याचे कारण नाही. वयस्कर खेळाडूंवर विसंबण्याचा निर्णय त्यांचाच होता. परंतु २००० च्या युरोपीय स्पर्धेत, दुसऱ्या प्रशिक्षकाच्या हाताखाली, जर्मनी गटात तळाला गेली, तेव्हा दोष एका व्यक्तीचा नव्हता हे सिद्ध झाले. मगच पहिल्या श्रेणीच्या क्लबांना युवा प्रशिक्षण केंद्रे सक्तीची करण्यात आली आणि त्या पेरणीचे पीक २०१४ च्या विश्वविजयाच्या रूपाने हाती आले.

२०१८ आणि २०२२ या दोन्ही विश्वचषकांत जर्मनी पहिल्याच फेरीत गारद झाली, तेव्हा रोष पुन्हा प्रशिक्षकावरच ओढवला. १९९६ नंतर युरोपीय अजिंक्यपद जर्मनीकडे परतलेले नाही, हे ध्यानात घेतले म्हणजे फोग्ट्स यांच्या यशाचे मोल कळते. पूर्वसूरींच्या कीर्तीवर उत्तराधिकाऱ्याला तोलणे सोपे असते. त्याच्या हाती कोणती सामग्री दिली होती, हे पाहणे मात्र न्यायाचे असते.