५००० वॉटचा डीजे आणि ७५ डेसिबलचा कायदा

गणपती जवळ आले की बातम्यांमध्ये डीजे परत येतो. परवानगी द्यायची का, किती वाजेपर्यंत, किती बॉक्स? आमच्या देवळ्यातच काय, अख्ख्या कसमादे पट्ट्यात हळदीपासून विसर्जनापर्यंत हाच वाद असतो. आणि वादात आकडा येतो तो वॉटचा. ‘आपला सेटअप ५००० वॉटचा आहे’ असं अभिमानाने सांगितलं जातं. पण कायदा वॉट मोजत नाही, डेसिबल मोजतो. हा फरक कळला नाही तर पैसे आणि कान, दोन्ही जातात.

आधी वॉट बघू. चुलतभावाने मला एका स्पीकरच्या बॉक्सचा फोटो पाठवला. त्यावर ‘१००० वॉट पीएमपीओ’ असं लिहिलेलं. ‘दादा, घेऊ का?’ स्पीकरला बॅटरी नव्हती, यूएसबी केबलवर चालणारा होता. ५ व्होल्ट, १ अँपिअर. गुणाकार करा: ५ वॉट. आत ५ वॉट जात असताना बाहेर सलग १००० कसे येतील?

पीएमपीओ म्हणजे क्षणभराच्या कमाल ताकदीचा दावा. तो मोजायची सर्वमान्य पद्धतच नाही, म्हणून कंपनी वाटेल तो आकडा छापू शकते. बघायचा तो आरएमएस, म्हणजे सलग मिळणारी पॉवर. ती किती ओहमला आणि किती डिस्टॉर्शनला मोजली, हेही विचारा. अमेरिकेत अशाच फुगवलेल्या आकड्यांमुळे फेडरल ट्रेड कमिशनने १९७४ मध्ये घरगुती अँप्लिफायरसाठी मोजमापाचा नियम आणला आणि २०२४ मध्ये तो आणखी कडक केला.

आता खरी गंमत. आकडा खरा असला तरी वॉट दुप्पट केल्यावर आवाज दुप्पट होत नाही, फक्त ३ डेसिबल वाढतो. कानाला ‘डबल’ वाटायला साधारण १० डेसिबल लागतात, म्हणजे दहापट वॉट!

एक हिशोब करू. समजा एक स्पीकर १ वॉटला १ मीटरवर ९८ डेसिबल देतो. १००० वॉट दिले की तिथेच १२८. मोकळ्या जागेत अंतर दुप्पट झालं की ६ डेसिबल कमी होतात. म्हणजे ३२ मीटरवरच्या घरात ९८ डेसिबल.

ध्वनी प्रदूषण नियम, २००० काय सांगतात? सार्वजनिक जागेच्या हद्दीवर त्या भागाच्या मर्यादेपेक्षा १० डेसिबल जास्त किंवा ७५ डेसिबल, यातलं जे कमी असेल ते. रहिवासी भागाची दिवसाची मर्यादा ५५ आहे, म्हणजे तिथे ६५ च. आपण सढळ हाताने ७५ धरू. ९८ वरून ७५ वर यायला २३ डेसिबल कमी करावे लागतील. म्हणजे पॉवर २०० पट कमी. १००० वॉटचे उरले ५ वॉट!

म्हणून ‘अर्धे बॉक्स काढतो, मिटवून टाका’ या तडजोडीला फारसा अर्थ नाही. अर्धी पॉवर म्हणजे फक्त ३ डेसिबल कमी. शेजारच्या आजोबांना किंवा पाळण्यातल्या बाळाला फरक जेमतेमच जाणवेल.

आणि सगळ्यात जवळ तर आपणच नाचत असतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते ८० डेसिबल आठवड्याला ४० तास चालतं, ९० ला फक्त ४ तास. बॉक्ससमोर ही वेळ काही मिनिटांवर येते. कानाच्या आतल्या बारीक पेशी एकदा मेल्या की परत उगवत नाहीत.

फोनवर साउंड मीटरचं अ‍ॅप टाका. फोनचा माइक बोलण्यासाठी बनवलेला असतो, त्यामुळे आकडा अंदाजेच येईल आणि तो पुरावा नाही, पण डोळे उघडायला पुरेसा आहे. पुढच्या मीटिंगमध्ये ‘किती वॉट, किती बॉक्स’ विचारू नका. ‘सगळ्यात जवळच्या घरात किती डेसिबल?’ हे विचारा.