पंचकर्म कोणाचे? जीवकाचे की मनूचे?

पावसाळा लागला की पंचकर्माच्या पाट्या झळकू लागतात. वर्षा ऋतूत बस्ती, शरदात विरेचन. पोट साफ, शरीर शुद्ध, त्रिदोष संतुलित. खाली ठरलेली ओळ असते, ‘वैदिक ऋषिमुनींची देणगी’. आपली शिकलेली पोरे ही पाटी वाचून दोनपैकी एक चूक करतात. काही हात जोडतात. काही ‘सगळे बामणी थोतांड’ म्हणून पाठ फिरवतात. विनयपिटक दोघांनीही उघडलेले नसते.

महावग्गात नोंद आहे. तथागतांचे शरीर दोषांनी भरले तेव्हा आनंद जीवकाकडे गेला. जीवक म्हणाला, आधी काही दिवस शरीराला स्निग्धता द्या. मग तथागतांना जहाल रेचक देणे बरे नाही म्हणून त्याने औषधे मुरवलेल्या कमळांच्या तीन ओंजळी हुंगायला दिल्या. एकेका ओंजळीने दहा, असे तीस जुलाब. आज स्नेहन आणि विरेचन म्हणून जे विकतात ते याहून वेगळे काय आहे? साकेतच्या एका श्रेष्ठीच्या बायकोचे सात वर्षांचे डोक्याचे दुखणे त्याने नाकात औषधी तूप सोडून बरे केले. हे नस्य. आणि हा जीवक कोण? राजगृहाच्या सालवती गणिकेचा, जन्मताच उकिरड्यावर टाकलेला मुलगा. ना गोत्र, ना मुंज.

मनू वैद्याबद्दल काय म्हणतो? चौथ्या अध्यायात वैद्याचे अन्न पुवासारखे, तिसऱ्या अध्यायात वैद्य श्राद्धाच्या पंगतीला चालत नाही. २५ डिसेंबर १९२७ रोजी बाबासाहेबांनी महाडला जाळला तो हाच ग्रंथ. ज्यांनी वैद्याला पंगतीतून उठवले त्यांचे वारस आज वैद्यकाचे मालक म्हणून मिरवतात!

‘सात्त्विक आहार’ हा तर कहरच. चरकसंहितेच्या सूत्रस्थानात, सत्ताविसाव्या अध्यायात, गाईचे मांस कशावर गुणकारी याची यादीच आहे. कोरडा खोकला, विषमज्वर, थकवा, मांसक्षय, आणि भडकलेला जठराग्नी. म्हणजे पचनाचाच विकार! गोमांस आणि अस्पृश्यता यांचे नाते बाबासाहेबांनी १९४८ साली ‘द अनटचेबल्स’मध्ये उलगडले. महाराष्ट्रात २०१५ पासून बैलाच्या कत्तलीवरही बंदी आहे. चरक आज जन्मला असता तर स्वतःच्याच नुसख्यापायी तुरुंगात गेला असता.

म्हणून जीवकाच्या नावाने तरी पंचकर्म डोळे मिटून घ्यावे का? मुळीच नाही. आमच्या वस्तीतल्या एका आत्याबाईंनी बचत गटाचे कर्ज काढून एकवीस दिवसांचे पॅकेज घेतले. ‘विष बाहेर पडले की साखर आपोआप उतरते’ असे ऐकून मधुमेहाच्या गोळ्या बंद केल्या. शेवटी सरकारी दवाखान्यात भरती. कर्जाचे हप्ते अजून चालू आहेत. विष काढतो म्हणणाऱ्याला विचारायला हवे होते की कोणते विष? आधी किती होते, नंतर किती उरले? लॅबचा कागद दाखवा. तथागतांनी कालामांना सांगितले तेच, परंपरेने आले म्हणून मानू नका. रक्ताची गाळणी मूत्रपिंडे आणि यकृत रोज करतात, त्याला पॅकेज लागत नाही. चालू गोळी तर आपल्या डॉक्टरला विचारल्याशिवाय कोणी बंद करायचीच नाही.

आणखी एक गोष्ट. त्या साकेतच्या बाईच्या नाकातले तूप तोंडावाटे भांड्यात पडले, तेव्हा तिने ते दासीला कापसाने टिपून ठेवायला सांगितले. नोकरांच्या पायांना चोळायला होईल म्हणून! जीवकालाही नवल वाटले. अडीच हजार वर्षांनी शुद्धी होते ती पैसे भरणाऱ्याची, आणि ओकारीचे, जुलाबाचे भांडे उचलते ती एखादी मावशी. पाटीवर तिचा उल्लेख नसतो. अशा केंद्रात कधी गेलात तर वैद्यांच्या आधी तिला भेटा. आडनाव विचारा, पगार विचारा, हातमोजे मिळतात का तेही विचारा.

जयभीम!