गोष्ट संपली की प्रश्न नकोत

लातूरच्या ट्यूशन एरियात किंवा नांदेडच्या श्यामनगर भागात संध्याकाळी फिरले, की पाठीवर दप्तर घेऊन एका क्लासमधून दुसऱ्या क्लासकडे निघालेली मुले-मुली दिसतात. ‘नीट’चे वारे आता अकरावी-बारावीपुरते राहिलेले नाही. पाचवी-सहावीत ‘फाउंडेशन’ सुरू होते, त्याच्याही आधी नवोदय आणि शिष्यवृत्ती. या धावपळीत पालकांची एक तक्रार हमखास ऐकू येते : ‘पोरगं अभ्यास करतंय, पण अवांतर काही वाचत नाही.’ मग त्यावर उपाय म्हणून घरी वाचनाचाही तास लागतो. रोज दहा पाने, वाचून झाल्यावर सारांश, कठीण शब्दांचे अर्थ आणि शेवटी ‘या गोष्टीतून तू काय शिकलास?’

माझे मत असे, की गोडी लावण्यासाठी सुरू केलेल्या या तासानेच गोडी जाते. याला कारणे आहेत, आणि वाचताना मुलाच्या डोक्यात काय चालते हे पाहिले की ती लक्षात येतात.

गफ आणि टन्मर या संशोधकांनी 1986 मध्ये वाचनाचे एक साधे सूत्र मांडले. वाचून समजणे म्हणजे अक्षरे उलगडण्याची क्षमता गुणिले ऐकून समजण्याची क्षमता. यात बेरीज नाही, गुणाकार आहे. दोन्हींपैकी एक जरी शून्य असली, तरी उत्तर शून्य. दुसरी-तिसरीतल्या मुलाची निम्मी शक्ती काना-मात्रा आणि जोडाक्षरे सोडवण्यातच जाते. त्याला गोष्टी समजतात खूप, पण स्वतः वाचता येते त्यापेक्षा कमी. ऐकून समजण्याची ही आघाडी साधारणपणे सातवी-आठवीपर्यंत टिकते. म्हणून पाचवीतल्या मुलाला मोठ्याने गोष्ट वाचून दाखवणे हा लाड नव्हे. जे त्याला अजून स्वतः वाचता येत नाही, पण समजते आणि आवडते, ते त्याच्यापर्यंत पोचवण्याचा तोच मार्ग आहे. आपल्याकडे मात्र मूल अक्षरे लावायला शिकले, की वाचून दाखवणे बंद होते. ‘आता तुला येतं ना, तूच वाच.’

आपल्या भागात याला आणखी एक पदर आहे. किनवट-माहूरच्या तांड्यावरचे मूल घरी गोरमाटी बोलते. देगलूर-बिलोलीकडे कानावर तेलुगू असते, उदगीर-निलंग्याकडे कानडी, आणि दोन्ही शहरांच्या अनेक मोहल्ल्यांत दखनी. पुस्तकातली मराठी या मुलांची दुसरी भाषा आहे. घरी मराठवाडी बोलणाऱ्या मुलालाही ती थोडी परकीच वाटते. अशा मुलाला चार ओळी वाचल्यावर लगेच प्रश्न विचारला, तर तो साहित्याचा न राहता भाषेच्या परीक्षेचा होतो. त्यापेक्षा आजीने तिच्या बोलीत सांगितलेली गोष्ट आधी ऐकू द्यावी. गोष्टीला सुरुवात असते, अडचण येते, सुटका होते, हे ज्याने कानाने शिकून घेतले आहे, त्याला छापील गोष्ट परकी वाटत नाही.

दुसरा घरगुती उपाय बक्षिसाचा. पुस्तक संपवले तर पन्नास रुपये, किंवा अर्धा तास मोबाइल. याबाबत 1973 मधला लेपर, ग्रीन आणि निस्बेट यांचा प्रयोग प्रसिद्ध आहे. बालवाडीतल्या ज्या मुलांना चित्रे काढायला मुळातच आवडत होते, त्यांतल्या काहींना ‘चित्र काढलेस तर प्रमाणपत्र मिळेल’ असे आधी सांगितले गेले. काही दिवसांनी मोकळ्या वेळेत पाहिले, तर ही मुले इतरांच्या निम्माच वेळ चित्रांत रमत होती. प्रयोग चित्रांचा आहे, वाचनाचा नाही, हे खरे. पण त्यातला धडा पुस्तकालाही लागू पडतो. जे आपण आवडीने करत होतो ते मजुरीवर करू लागलो, की मजुरी थांबताच काम थांबते. नावडत्या कामासाठी, उदाहरणार्थ पाढे पाठ करण्यासाठी, बक्षीस चालून जाते. आवडत्या कामाला ते मारक ठरू शकते. त्यातही बक्षीस मोबाइलचे असेल, तर खरी मजा मोबाइलची आणि पुस्तक म्हणजे त्याआधी भरायचा दंड, हे मूल आपसूक शिकते.

आता साहित्याविषयी. दहावीच्या मराठीत कवितेचे रसग्रहण विचारतात आणि ते आशयसौंदर्य, काव्यसौंदर्य व भाषिक वैशिष्ट्ये अशा मुद्द्यांत लिहायचे असते. परीक्षेला साचा लागतोच, त्याबद्दल तक्रार नाही. तक्रार आहे ती हा साचा तिसरीतल्या मुलाच्या पाळण्याच्या कवितेवर घरी बसवण्याची. ‘कवीला काय म्हणायचं आहे?’ या प्रश्नात एकच बरोबर उत्तर गृहीत धरलेले असते, आणि ते गाइडमध्ये असते. मग मुलाने स्वतः कविता वाचायची तरी कशाला?

याचा अर्थ गप्प बसावे असा नाही. प्रश्न आणि गप्पा यांत फरक आहे. सिनेमा पाहून घरी येताना आपण एकमेकांची परीक्षा घेत नाही, पण बोलतो. ‘मला तो मामा अजिबात आवडला नाही बघ’ असे म्हणून आपण थांबावे. मुलाला वाटले तर ते बोलेल, नाही वाटले तर नाही. मुलाने पुस्तक अर्धवट सोडले तर सोडू द्यावे. तेच पुस्तक पाचव्यांदा वाचले तर वाचू द्यावे. चित्रकथा, क्रिकेटपटूंच्या गोष्टी, भुताखेताच्या गोष्टी यांना ‘हे काय वाचन आहे?’ म्हणून हिणवू नये. फ्रेंच लेखक आणि शिक्षक दानिएल पेनाक यांनी 1992 मध्ये वाचकाचे दहा हक्क सांगितले. त्यांतला पहिला हक्क न वाचण्याचा आहे. हा हक्क मुलाला दिला, तरच त्याचे वाचणे त्याच्या मर्जीचे होते.

यावर पालक विचारतील, ‘हे सगळं ठीक, पण मार्कांचं काय?’ प्रश्न रास्त आहे. पावसाच्या भरवशावरची शेती असलेल्या घराला मुलीचा वैद्यकीय प्रवेश म्हणजे काय असतो, हे इथे कुणाला सांगायला नको. पण ‘नीट’मध्ये तीन तासांत 180 प्रश्न नुसते सोडवायचे नसतात, आधी ते वाचून समजून घ्यायचे असतात. नवोदयच्या परीक्षेतही उताऱ्यावरचे प्रश्न असतात. भराभर वाचून नेमके समजणे ही सवय भरपूर आणि आवडीने वाचण्यातून लागते.

आणि आपला इतिहासही पाहावा. ज्या राजर्षी शाहू महाविद्यालयाशी ‘लातूर पॅटर्न’चे नाव जोडले गेले, त्याचे प्राचार्य राहिलेले जनार्दन वाघमारे हे साहित्याचे अभ्यासक. अमेरिकेतील कृष्णवर्णीयांच्या साहित्यावर त्यांनी मराठीत पुस्तक लिहिले. नांदेडच्या पीपल्स कॉलेजचे नरहर कुरुंदकर इंटरच्या परीक्षेत अपयशी ठरले होते, पण पदवी हाती येण्याआधीच त्यांचा व्यासंग जाणकारांना ठाऊक झाला होता. परीक्षेत नापास व्हावे असा याचा अर्थ नाही. वाचन आणि परीक्षा ही दोन वेगळी खाती आहेत आणि एकाची थकबाकी दुसऱ्यातून वसूल करू नये, एवढाच अर्थ घ्यावा.

एक वैद्यकीय बाब मात्र दुर्लक्षून चालणार नाही. प्रत्येक न वाचणारे मूल कंटाळलेले नसते. पुस्तक डोळ्यांजवळ धरणे, ओळ चुकणे, वाचताना डोके दुखणे अशी लक्षणे असतील, तर आधी डोळे तपासून घ्यावेत. कानाविषयी शंका असेल तर ऐकण्याची चाचणीही करावी. तोंडी सगळे उत्तम सांगणारे मूल तिसरी-चौथीतही जोडाक्षरांवर अडत असेल, अक्षरे गाळत असेल, तर ते आळशी आहे असे समजू नका. तो डिस्लेक्सियाचा प्रकार असू शकतो. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यात अशा अध्ययन अक्षमतेचा समावेश आहे आणि दहावी-बारावीच्या परीक्षांत सवलतीही मिळतात. बालरोगतज्ज्ञांना भेटून तपासणीची वाट विचारावी. अशा मुलाला रागावून वाचायला बसवणे म्हणजे लंगडणाऱ्याला शर्यतीत पळवणे.

खर्चाची अडचण फारशी नाही. बालभारतीचे ‘किशोर’ मासिक 1971 पासून निघते आणि त्याचे जुने अंक इंटरनेटवर मोफत वाचता येतात. प्रथम बुक्सच्या ‘स्टोरीवीव्हर’वर मराठी गोष्टी मोफत आहेत. गावात सार्वजनिक वाचनालय असेल तर मुलाला तिथे न्यावे आणि पुस्तक त्यालाच निवडू द्यावे.

रोज रात्री जेवणानंतर पंधरा मिनिटे वाचून दाखवा. आईला वेळ नसेल तर वडिलांनी, वडिलांना नसेल तर मोठ्या ताईने. गोष्ट ऐन रंगात आली असताना पुस्तक मिटा. दुसऱ्या दिवशी पुढचे काय झाले म्हणून मूल स्वतःहून ते पुस्तक उघडेल. त्या वेळी त्याला काहीही विचारू नका.