दगडाची मोजदाद, पाण्याची उपेक्षा

नागपूर–मुंबई समृद्धी महामार्ग ५ जून २०२५ रोजी संपूर्ण खुला झाला. त्याने जालना जिल्ह्याचे दळणवळण सुधारले, याविषयी दुमत नसावे. आता जालना–नांदेड द्रुतगती मार्गही आखला गेला आहे. रस्ता म्हटला की खडी आली, मुरूम आला. आणि त्यांच्यामागोमाग माळरानावर खाण आली. खाणी नकोत, असे आमचे म्हणणे नाही. परंतु खाणीत पडणाऱ्या पावसाचे पुढे काय होते, हे विचारण्याची वेळ निश्चितच आली आहे.

१ हेक्टरवर १ मिलिमीटर पाऊस पडला म्हणजे १०,००० लिटर पाणी होते. ५ हेक्टरांच्या खाणीवर तासाभरात ५० मिलिमीटर पाऊस कोसळला, तर २५ लाख लिटर पाणी तेथे उभे राहते. गवताळ माळ यातील बराच वाटा जिरवितो. उघडा कातळ फारच थोडे जिरवितो. उरलेले पाणी क्रशरची भुकटी आणि सैल माती घेऊन ओढ्यात व खालच्या शेतात उतरते. भुकटीचा थर बसलेल्या रानात पुढचे पाणीही नीट मुरत नाही. पीक जाते ते वेगळेच.

हानी येथेच संपत नाही. मराठवाड्याच्या बेसाल्टात विहिरींचे पाणी साठते ते मुख्यतः वरच्या झिजलेल्या मुरमात आणि त्याखालच्या भेगांत. मुरूम ही गावाच्या पाण्याची कोठी आहे. तो खरवडून नेला की कोठीच गेली. खाण भूजलाच्या पातळीखाली उतरली, तर शेजारच्या विहिरींचे पाणी तिच्याकडे ओढले जाते आणि काम चालू राहावे म्हणून ते पंपाने बाहेर फेकले जाते. २०१२-१३ चा दुष्काळ सोसलेल्या जिल्ह्याला ही उधळपट्टी परवडणारी नाही.

कायदा नाही, असे मात्र नाही. ५ हेक्टरांहून लहान खाणींनाही पर्यावरणविषयक परवानगी हवी, असे सर्वोच्च न्यायालयाने २७ फेब्रुवारी २०१२ च्या दीपककुमार प्रकरणात बजावले. बेकायदा उत्खननास बाजारभावाच्या पाचपटीपर्यंत दंडाची तरतूद महसूल संहितेच्या कलम ४८ मध्ये आहे. परंतु सरकारी नजर खिळलेली असते ती ब्रासवर. किती ब्रास दगड गेला, किती स्वामित्वधन बुडाले, याचा तपास होतो. किती पाणी व किती माती गेली, याची नोंद घेण्याची निकड कोणास वाटत नाही. दंड तिजोरीत जमा झाला म्हणून विहिरीत पाणी येत नसते.

या उपेक्षेचा शेवट कोठे होतो, हे चंद्रपूरकडे पाहून ताडता येईल. इरई नदीच्या काठी कोळसाखाणींच्या मातीचे ढीग रचले गेले. त्यांनी पात्र आकसले, अशी तक्रार तेथील नागरिक वर्षानुवर्षे करीत आहेत. जालन्याच्या खाणी त्या मानाने लहान आहेत, म्हणूनच त्यांना आज वळण लावणे सोपे आहे.

उपाय खर्चिक नाहीत. वरच्या उतारावरून येणारे स्वच्छ पाणी खाणीत शिरू न देता कडेच्या चराने वळवून ओढ्यास मिळवावे. खाणीतील गढूळ पाणी मात्र थेट न सोडता गाळ बसविणाऱ्या कुंडांतून न्यावे आणि ती कुंडे पावसाळ्यापूर्वी उपसावीत. मातीचे ढीग नाल्यापासून दूर ठेवून त्यांवर गवत लावावे. काम संपलेल्या खाणीचे तळे करण्याची कल्पना चांगली आहे. परंतु सांडवा, उतरते काठ आणि कुंपण नसलेले तळे म्हणजे मुलांना व गुरांना लावलेला सापळाच होय.

हा सारा आराखडा पहिला सुरुंग उडण्यापूर्वी पट्ट्याबरोबर मंजूर व्हावा आणि ग्रामपंचायतीत सर्वांस पाहावयास मिळावा, अशी आमची मागणी आहे. इंडो-जर्मन पाणलोट कार्यक्रमात याच जिल्ह्यातील कडवंचीने धावते पाणी चालते केले, चालते पाणी थांबविले आणि द्राक्षांचे मळे उभे केले. जे शेतकऱ्यांना साधले, ते यंत्रे, पैसा आणि अभियंते हाताशी असलेल्या खाणमालकांना साधू नये, हे आम्हांस पटत नाही. त्यांना ते करावयास लावणे हे जिल्हा प्रशासनाचे कर्तव्य आहे.