शेतसारा किती लागतो आणि त्यातला किती पैसा गावाकडे येतो?

मंचर-भीमाशंकर रस्त्यावर घोडेगावच्या पुढे, डिंभे धरणाच्या अलीकडे आंबेगाव तालुक्यातलं शिनोली लागतं. इथल्या शेतकऱ्याच्या सातबाऱ्यावर 'आकार' नावाचा एक छोटा आकडा असतो, तोही रुपये-पैशांत. पण शेतसाऱ्याची पावती त्याहून बरीच मोठी असते. असं का होतं?

आकार म्हणजे काय?

जमिनीचा पोत पाहून ठरवलेला मूळ महसूल म्हणजे आकार. त्याची मुळं इंग्रजी अमलातल्या मोजणी-जमाबंदीत आहेत. जमिनीचे भाव कुठल्या कुठे गेले, तरी हा आकडा दशकानुदशकं जवळपास तिथेच आहे.

मग रक्कम वाढते कशी?

ती वाढते उपकरांमुळे. जिल्हा परिषद कायदा 1961 नुसार महसुलाच्या प्रत्येक रुपयावर 2 रुपये उपकर आहे. पंचायत समितीच्या मागणीवरून त्यात आणखी 5 रुपयांपर्यंत वाढ करता येते. म्हणूनच हा उपकर 'सातपट' म्हणून ओळखला जातो. ग्रामपंचायतीचा उपकर एकपट असतो.

समजा, तुमच्या खात्याचा आकार 10 रुपये आहे. त्यावर जिल्हा परिषदेचे 70 आणि ग्रामपंचायतीचे 10, असे एकूण 90 रुपये होतात. म्हणजे 90 पैकी 80 रुपये स्थानिक संस्थांच्या नावाचे असतात.

खातं 8 ते 12 हेक्टरचं असेल, तर 1974 च्या कायद्यानुसार महसुलात 50 टक्के वाढ होते. 12 हेक्टर आणि त्याहून मोठ्या खात्याला ती 100 टक्के असते. कालव्याच्या पाण्याची पाणीपट्टी मात्र वेगळी असते आणि ती जलसंपदा विभागाकडे भरायची असते. घरपट्टी ग्रामपंचायतीत भरतात.

एवढ्याशा रकमेसाठी काळजी कशाला?

कारण जमीन महसुलाचा जमिनीवर पहिला बोजा असतो. थकबाकीपोटी सरकारजमा झालेल्या जमिनींना 'आकारी पड' म्हणतात. अशा 4,849 एकर जमिनी बाजारमूल्याच्या 5 टक्के रक्कम घेऊन मूळ मालकांना किंवा वारसांना परत देण्याचा निर्णय राज्य मंत्रिमंडळाने जानेवारी 2025 मध्ये घेतला. किरकोळ सारा थकला, तर जमीन सोडवायला पुढच्या पिढीला केवढी किंमत मोजावी लागते, हे यातून दिसतं.

तुम्ही काय करायचं?

महसुली वर्ष 1 ऑगस्ट ते 31 जुलै असतं. तुमच्या खात्याचा एकूण आकार आठ-अ उताऱ्यावर पाहा. ग्राम महसूल अधिकाऱ्याकडे, म्हणजे पूर्वीच्या तलाठ्याकडे, सारा भरा आणि पावती जपून ठेवा.

उपकर सरकार गोळा करतं आणि नंतर स्थानिक संस्थांना देतं. त्यामुळे यंदा गावाच्या वाट्याला किती उपकर आला आणि तो कशावर खर्च झाला, हा प्रश्न ग्रामसभेत विचारायलाच हवा. पावतीवरचा मोठा वाटा त्याच कामासाठी घेतलेला असतो.