नाकाच्या शेंड्यावरची पुळी

मराठीत नागीण, कन्नडमध्ये सर्पसुत्तु. आपल्या भागात घरची भाषा कुठलीही असो, या आजारात साप ठरलेलाच. विळखा पुरा होऊन तोंड-शेपूट जुळली की माणूस दगावतो, ही भीतीही दोन्हीकडे सारखीच. त्यामुळे कमरेवर नागीण उठली की घर हादरतं, आणि कपाळावर उठली तर काव लावून चार दिवस वाट बघतं. डोळ्यांचा डॉक्टर म्हणून मला दुसऱ्या घराची काळजी वाटते.

लहानपणी येऊन गेलेल्या कांजिण्यांचा विषाणू मज्जातंतूच्या मुळाशी दडून राहतो. उतारवयात किंवा प्रतिकारशक्ती घटली की तो एखाद्या मज्जातंतूच्या वाटेनं बाहेर पडतो. ही वाट शरीराच्या एकाच बाजूची, म्हणून विळखा सहसा पुरा होतच नाही. शंभरातल्या दहा ते वीस जणांत ही वाट कपाळ, पापणी आणि डोळ्याची असते.

अशा वेळी मी आधी नाक बघतो. “डोळा दुखतोय माझा, नाक काय बघतोस रे?” एका आज्जींनी मला झापलंच होतं. पण नाकाचा शेंडा आणि डोळ्याचा आतला भाग यांना एकाच मज्जातंतूच्या फांद्या जातात. शेंड्यावर पुळी म्हणजे डोळ्याला धोका, हे हचिन्सन या इंग्रज डॉक्टरांनी एकोणिसाव्या शतकातच सांगून ठेवलंय. नाक स्वच्छ असलं तरी डोळा सुटलाच असं मात्र नाही.

बुबुळावरचा पारदर्शक पडदा सुजतो, त्यावर पांढरा डाग राहू शकतो, डोळ्यातला दाब वाढतो. कधी त्या पडद्याची संवेदनाच जाते. मग कचरा गेलेला कळत नाही, जखम चिघळते, आणि दुखत नाही म्हणून माणूस खूश!

विषाणूविरोधी गोळ्या पुरळ उठल्यापासून ७२ तासांच्या आत सुरू व्हायला हव्यात. उशीर झाला तरी या. मंत्र घालायचा तर घाला, मी वाद घालत नाही. रिक्षा आधी दवाखान्याकडे वळवा. डोळ्याजवळ लेप नको, आणि शेजारणीकडचे उरलेले थेंब तर नकोतच. त्यात स्टिरॉइड असलं तर ते कधी द्यायचं, हे तपासल्याशिवाय आम्हालाही ठरवता येत नाही.

पन्नाशीनंतरची लस भारतात २०२३ पासून मिळते. दोन डोस, दोन ते सहा महिन्यांच्या अंतरानं. महाग आहे, खरं. तरी आई-अप्पांच्या डॉक्टरांना एकदा विचारा.